परसबागेतील नर आणि मादी : नशिराबाद परिसराच्या संदर्भात विभक्तलिंगी वनस्पतींच्या निवडीचा विचार

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जळगावपासून सुमारे दहा किलोमीटर अंतरावर, नशिराबाद हे मोठे गाव आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढणारा उन्हाळा ही या परिसराची लक्षणे होत. खानदेशातील अशा गावांत घरामागच्या मोकळ्या जागेत, मोरीच्या सांडपाण्यावर, चारदोन झाडे लावण्याची रीत जुनी आहे. केळीचा एखादा खुंट, शेवगा, कढीलिंब, मांडवावर चढविलेली तोंडलीची वेल आणि पपईची दोन-तीन झाडे असा हा संसार असतो. यांतील पपई घरच्या माणसांना बहुधा फसविते. बी पेरून रोप उगवते, पाणी घालून वाढविले जाते, पाच-सहा महिन्यांत ते माणसाच्या उंचीला येते आणि मग पानांच्या बगलांतून लांब, लोंबते, सुगंधी तुरे बाहेर पडतात. फळ मात्र धरत नाही. झाड नर निघाले, एवढाच निष्कर्ष उरतो आणि कुऱ्हाड घेतली जाते. जागा थोडी, पाणी त्याहून थोडे. अशा घरात अर्धे वर्ष वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

रोप निवडताना नर कोणते आणि मादी कोणती हे ओळखता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा रोपाच्या अंगावरील खुणांत शोधले जाते. ते तेथे नसते. रोप कोठून आले, त्याची माता कोणती, त्याची उत्पत्ती बीपासून की कलमापासून, या चौकशीतच त्याचे उत्तर आहे.

विभक्तलिंगी वनस्पतीचे जे उदाहरण पाश्चात्त्य उद्यानविद्येच्या ग्रंथांत हटकून येते, ते हॉलीचे होय. इलेक्स अ‍ॅक्विफोलियम हे तिचे शास्त्रीय नाव. यूरोपातील या सदाहरित झाडाची पाने चकचकीत व काटेरी कडांची असतात, फुले लहान व पांढरी आणि फळे लालभडक. नाताळच्या सजावटीतील लाल फळांची डहाळी ती हीच. फळे केवळ मादीझाडावर येतात आणि त्यासाठी मधमाशीच्या टप्प्यात एखादे नरझाड असावे लागते. थंड व दमट हवेच्या या झाडाला नशिराबादचा उन्हाळा सोसणार नाही, हे उघड आहे. इलेक्स प्रजातीच्या काही जाती सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सदाहरित अरण्यांत आढळतात. पण त्यांनाही काळ्या रानातील कोरडी हवा मानवणार नाही. तेव्हा हॉली खानदेशात लावावी काय, हा प्रश्न येथे नाही. हॉली निवडणाऱ्यापुढे जी अडचण उभी राहते तीच पपई निवडणाऱ्यापुढे का उभी राहते आणि तिची उकल मात्र वेगळी का, हे पाहणे उपयुक्त आहे.

हॉलीच्या बाबतीत अडचण बरीच हलकी झालेली आहे. तिचे बी रुजण्यास पुष्कळदा दोन वर्षे लागतात आणि त्यानंतर फूल दिसेपर्यंत आणखी काही वर्षे जातात. म्हणून रोपवाटिकांतून तिची वाढ बीपासून न करता छाटकलमांनी केली जाते. कलम हे मातृवृक्षाचाच अंश असल्यामुळे मादीचे कलम मादीच निघते. ग्राहकाने फक्त वाणाचे नाव विचारावयाचे. या नावांतही एक गंमत आहे. ‘गोल्डन किंग’ नावाचा वाण मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नावाचा वाण नर! राजाला फळे येतात आणि राणीला येत नाहीत. नावावर भिस्त ठेवून दोन ‘राण्या’ लावणाऱ्याच्या बागेत लाल फळ कधीच दिसावयाचे नाही. तथापि ही फसगत नावापुरती आहे. वाणाची खरी जात ठाऊक झाली की संशय उरत नाही.

सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे पाच ते सहा टक्के जातीच विभक्तलिंगी आहेत. बहुसंख्य वनस्पतींत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात नांदतात. काकडी, भोपळा, दोडका यांच्या वेलींवर नरफुले व मादीफुले वेगळी असली तरी वेल एकच असते. विभक्तलिंगी वनस्पतींत मात्र व्यक्तीच वेगळ्या होतात. १६९४ साली जर्मन शास्त्रज्ञ कामेरारियस याने वनस्पतींच्या लिंगभेदाचे प्रायोगिक विवेचन प्रसिद्ध केले, त्यात अशा वनस्पतींवरील प्रयोगांना महत्त्वाचे स्थान होते. कारण नराला मादीपासून दूर ठेवण्याचा प्रयोग येथेच सहज करता येतो.

हिंदुस्थानात पपईच्या लिंगभेदाची नोंद याहूनही जुनी आहे आणि ती गोव्याशी निगडित आहे. डच प्रवासी लिन्स्खोटेन हा १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात पपईचा उल्लेख येतो. हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपाईन्सच्या बाजूने मलाक्केस आणि तेथून हिंदुस्थानात आले, असे तो सांगतो. या झाडात नर व मादी असे दोन प्रकार असून नराला फळ येत नाही आणि दोघांना एकमेकांपासून दूर लावल्यास मादीलाही येत नाही, हेही तो नमूद करतो. कामेरारियसच्या प्रबंधापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे बागवानांना ठाऊक असलेली ही गोष्ट एका चिटणिसाने टिपून ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पपई अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून येथे आली, तेव्हा तिच्याबरोबर तिची अडचणही आली आणि अडचणीचे ज्ञानही आले. पुढे ज्ञान मागे पडले आणि अडचण तेवढी राहिली.

खानदेशात असे का व्हावे याचे एक कारण केळीत सापडते. या भागातील शेतकऱ्याचा आणि बागाईतदाराचा हात केळीवर बसलेला आहे. लागवडीतील केळ त्रिगुणित असून तिच्या फळाला परागाची गरजच लागत नाही. फलन न होताच फळ पोसते. लोंगराच्या टोकाशी लोंबणाऱ्या केळफुलात नरफुले असतात, पण त्यांचा उपयोग भाजीपुरता. लागवड पूर्वी कंदांपासून होत असे आणि १९९० नंतरच्या काळात ग्रँड नैन या वाणाची ऊतिसंवर्धित रोपे मोठ्या प्रमाणावर आली. पण दोन्ही रीतींत रोप हे मातेची हुबेहूब प्रतिकृती असते. चांगल्या बागेतून कंद आणला की चांगलीच केळ येणार, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तोच न्याय पपईला लावून शेजाऱ्याच्या गोड पपईचे बी आणून पेरले जाते. बीमध्ये मात्र मातेइतकाच पित्याचाही वाटा असतो आणि पिता कोण हे सहसा कोणी विचारीत नाही.

पपईच्या लिंगनिश्चितीचा उलगडा १९३८ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाला. दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर आणि हवाई बेटांत स्टोरी यांनी नर, मादी व द्विलिंगी अशा तीन प्रकारच्या झाडांचे संकर करून संततीतील प्रमाणे मांडली. त्यांच्या विवेचनाचा आशय आजच्या परिभाषेत असा सांगता येईल. मादीझाडात दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असतात. नरात एक ‘एक्स’ व एक ‘वाय’ असते. द्विलिंगी झाडात एक ‘एक्स’ व ‘वाय’चाच एक किंचित निराळा प्रकार असतो. दोन्ही घटक ‘वाय’ प्रकारचे एकत्र आले तर तो गर्भ जगत नाही. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या ‘वाय’ गुणसूत्राचे स्वरूप स्पष्ट केले. ते उत्क्रांतीच्या दृष्टीने अगदी अलीकडचे, जणू घडणीच्या प्रारंभीच्या अवस्थेतले लिंगगुणसूत्र आहे. २००८ मध्ये पपईच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला.

परसबागेच्या दृष्टीने या विवेचनातून निघणारी चार प्रमाणे महत्त्वाची आहेत. मादीला नराचा पराग मिळाला तर संततीत नर व मादी निम्मे निम्मे निघतात. मादीला द्विलिंगी झाडाचा पराग मिळाला तर मादी व द्विलिंगी निम्मे निम्मे निघतात. नर निघत नाही. द्विलिंगी झाडाचे स्वपरागण झाले तर दोन द्विलिंगींमागे एक मादी असे प्रमाण पडते. येथेही नर नाही. द्विलिंगी झाडाला नराचा पराग मिळाला तर मात्र तिन्ही प्रकार सारख्या प्रमाणात येतात. नराची भीती बाळगणाऱ्याने, तेव्हा, रोपाकडे पाहत बसण्याऐवजी ज्या बागेतून बी आले त्या बागेत नरझाड होते काय हे विचारावे.

रोपावरून लिंग ओळखण्याच्या लोकप्रचलित खुणा पुष्कळ आहेत. कोणी बियांचा रंग पाहतो, कोणी पाण्यात बुडणारे बी मादीचे मानतो, कोणी सोटमूळ सरळ की फाटे फुटलेले यावरून निर्णय देतो. लिंगाचा निर्णय परागनलिकेने अंडकात प्रवेश केला त्याच क्षणी झालेला असतो. बियांचा रंग किंवा मुळाची घडण यांचा त्याच्याशी संबंध नाही. डीएनएच्या साहाय्याने लहान रोपातच लिंग ठरविण्याची रीत २००२ मध्ये हवाईतील संशोधकांनी प्रसिद्ध केली आणि ती विश्वसनीयही आहे. पण दोन रोपांसाठी कोणी प्रयोगशाळेची पायरी चढणार नाही. खोडात लोखंडी खिळा ठोकल्याने किंवा शेंडा छाटल्याने नराची मादी होते, ही समजूतही सार्वत्रिक आहे. तिला थोडासा आधार सापडतो तो असा की, काही नरझाडांच्या तुऱ्यांवर ऋतुमानानुसार द्विलिंगी फुले येतात आणि लांब देठाला लोंबणारी बारीक फळे धरतात. खिळा ठोकल्यावर ऋतू पालटला आणि फळ दिसले, की श्रेय खिळ्याला मिळते.

खात्रीची खूण पहिली कळी हीच होय. मादीची कळी पानाच्या बगलेत खोडालगत, आखूड देठावर, एकटी किंवा दोन-तीनच्या संख्येने येते. ती बुडाशी फुगीर व टोकाकडे निमुळती असते. द्विलिंगीची कळीही आखूड देठावरच येते, पण ती अधिक सडपातळ व नळकांडीसारखी असून उमलल्यावर तिच्यात पुंकेसर व किंजपुट दोन्ही दिसतात. नराचा तुरा लांब व फांद्या फुटलेला असतो आणि त्यावर पातळ, नळीसारखी असंख्य फुले असतात. ही ओळख पटेपर्यंत चार ते सहा महिने गेलेले असतात, हीच खरी अडचण.

अडचण टळत नसेल तर तिची विभागणी करावी, हा बागाईतदारांचा जुना उपाय आहे. एका खड्ड्यात एकच रोप न लावता थोड्या अंतराने तीन रोपे लावतात आणि कळ्या दिसल्यावर एक ठेवून बाकीची काढतात. निम्मे नर व निम्मी मादी अशा बियाण्यात एकच रोप लावले तर नर निघण्याची शक्यता दोहोंत एक; दोन लावली तर दोन्ही नर निघण्याची शक्यता चारांत एक; तीन लावली तर आठांत एक. आठ खड्डे असतील तर सरासरीने सात खड्ड्यांत मादी मिळेल आणि एक खड्डा सर्वस्वी नरांचा निघेल. परागणासाठी सुमारे दहा मादींमागे एक नर ठेवावा, असे सांगितले जाते. ती सोय या हिशेबात आपोआप साधते. नको असलेली रोपे उपटू नयेत, जमिनीलगत कापावीत. उपटल्यास ठेवावयाच्या रोपाची मुळे दुखावतात.

परंतु नशिराबादच्या परसात आठ खड्डे कोठून यावेत? तेथे जागा दोन खड्ड्यांची. अशा ठिकाणी बियाण्याची निवडच निर्णायक ठरते आणि आज ती निवड बाजारातल्या फळावरूनही करता येते. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांत व्यापारी लागवड मुख्यतः तैवानच्या ‘रेड लेडी’ या संकरित वाणाची झाली. हा वाण मादी व द्विलिंगी अशा दोनच प्रकारची झाडे देणारा आहे. त्याच्या बागेत नर सहसा असत नाही. द्विलिंगी झाडाचे फळ लांबट, जाड गराचे व आत लहान पोकळीचे असते. मादीचे फळ गोलसर असून आतील पोकळी मोठी असते. म्हणून अशा बागेतील लांबट फळाचे बी पेरले तर तीन रोपांत दोन द्विलिंगी व एक मादी आणि गोल फळाचे पेरले तर निम्मी-निम्मी, असा अंदाज करता येतो. दोन्ही परींनी प्रत्येक झाड फळ देणारे निघेल. संकरित वाणाच्या पुढील पिढीत गोडी, आकार व झाडाची ठेवण यांत फरक पडतो, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. बाजारात विकावयाच्या मालाला हा दोष मोठा, घरच्या ताटाला तितका नाही. उलट गल्लीतल्या जुन्या झाडाच्या फळाचे बी आणले आणि जवळपास नर असेल तर निम्मी रोपे नर निघावयाची, मग ते फळ कितीही गोड असो.

येथे शिफारशींच्या यादीतील एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. परसबागेसाठी ‘पुसा नन्हा’ या वाणाची शिफारस वारंवार केली जाते. गॅमा किरणांच्या साहाय्याने घडविलेला हा ठेंगणा वाण जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर फळे धरू लागतो आणि कुंडीतही वाढतो. लहान जागेला तो सोईचा, यात शंका नाही. मात्र हा वाण विभक्तलिंगी आहे. ज्याच्या अंगणात एकाच कुंडीची जागा त्याला हा वाण सुचविणे म्हणजे नाणे उडविण्यास सांगणे होय. ‘पुसा डेलिशस’, ‘पुसा मॅजेस्टी’, ‘सूर्या’, ‘को ७’ हे वाण मादी व द्विलिंगी झाडे देणारे आहेत. ‘को १’, ‘को २’ आणि एके काळी महाराष्ट्रात घरोघर दिसणारा जांभळट देठांचा ‘वॉशिंग्टन’ हे विभक्तलिंगी. रोपवाटिकेच्या पाटीवर फळाचे वजन आणि गराचा रंग ठळकपणे लिहिलेला असतो. हा भेद मात्र क्वचितच लिहिलेला आढळतो.

मग द्विलिंगी वाण निवडला की प्रश्न मिटला, असे म्हणावे काय? खानदेशच्या उन्हाळ्याकडे पाहता तसे म्हणता येत नाही. पपईचे मादीझाड लिंगदृष्ट्या स्थिर असते. ऋतू कोणताही असो, त्याची फुले मादीच राहतात. द्विलिंगी झाडाचे तसे नाही. कडक उन्हाळा व पाण्याचा ताण यांत त्याच्या फुलांतील किंजपुटाची वाढ खुंटते आणि ती फुले व्यवहारतः नर बनून गळून जातात. खोडावर फळांच्या दोन घोसांमध्ये जो उघडा पट्टा दिसतो, तो अशा ऋतूची खूण असतो. थंडीत याच्या उलट प्रकार घडतो. पुंकेसर किंजदलांना चिकटून वेडीवाकडी, खोबणीदार फळे तयार होतात. जेथे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो तेथे द्विलिंगी झाडाने काही आठवडे फळ धरू नये, हे स्वाभाविक आहे. यावरून झाडाला रोग झाला असा समज करून घेण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू न देणे आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे एवढेच उपाय हाती असतात. दोन झाडांची जागा असेल तर एक द्विलिंगी व एक मादी ही जोडी या हवामानाला सर्वांत सोईची दिसते. मादी उन्हाळ्यातही आपले स्वरूप बदलत नाही आणि इतर ऋतूंत तिला द्विलिंगीचा पराग मिळतो. तीन खड्ड्यांची हौस असणाऱ्याने या जोडीत नर घालण्याची गरज नाही.

परिसरात जुनी विभक्तलिंगी झाडे पुष्कळ असतील तर परिस्थिती निराळी होते. नर निघाला की तोडावयाचा, हा प्रत्येक घराचा स्वतंत्र निर्णय असतो. परंतु सर्व घरांनी तो सारखाच घेतला तर आळीत पराग उरत नाही. मादीची फुले गळतात किंवा बिनबियांची लहान फळे धरून थांबतात. आदल्या वर्षी लगडलेले झाड यंदा वांझ का झाले, याचे कारण पुष्कळदा स्वतःच्या परसात नसते. ते चार घरे पलीकडे पडलेल्या कुऱ्हाडीच्या घावात असते. पपईचा पराग वारा व संध्याकाळी फिरणारे पतंग यांच्याद्वारे वाहिला जातो आणि त्याला भिंती अडवीत नाहीत. म्हणून आळीत एक नरझाड राखावे आणि ते ज्याच्या परसात असेल त्याला शेजाऱ्यांनी फळांतील वाटा द्यावा, ही व्यवस्था शास्त्रास धरून आहे. पपईच्या झाडाचे उपयुक्त आयुष्य दोन-तीन वर्षांचे आणि मावा किडीमार्फत पसरणाऱ्या रिंगस्पॉट या विषाणुरोगामुळे ते पुष्कळदा त्याहूनही आखूड; तेव्हा एक बहर हुकणे म्हणजे आयुष्याचा मोठा भाग हुकणे होय.

योग्य रोप निवडूनही झाड जाते ते बहुधा पाण्याने. मोरीच्या तोंडाशी पपई लावण्याची रीत सोईची खरी. पण काळ्या चिकण जमिनीत पाणी साचून राहते आणि पपईची मुळे साचलेले पाणी एक-दोन दिवसांहून अधिक सोसत नाहीत. बुंधा कुजतो आणि भरल्या फळांनिशी झाड कोलमडते. मोरीच्या तोंडाशी केळ असावी. पपई त्यापासून काही अंतरावर, मातीचा उंचवटा करून लावावी.

परसातील दुसरी विभक्तलिंगी वनस्पती तोंडली ही होय आणि तिच्याविषयी तक्रार जवळजवळ ऐकू येत नाही. याचे कारण तिची लागवड वेलीच्या छाटांनी होते. फळ देणाऱ्या वेलीचा तुकडा मागून आणावयाचा, हा रिवाज असल्यामुळे नकळत प्रत्येक घरी मादीच पोहोचते. लागवडीतील अनेक वेलींना परागाशिवायही फळ धरते, म्हणून नराची उणीव भासत नाही. कुंपणावर आपोआप उगवलेली रानतोंडली मात्र बीपासून आलेली असते आणि तीत नर सर्रास सापडतात. या सामान्य वेलीला कोशिकाविज्ञानात मोठे स्थान आहे. लिंगगुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट ओळखू येतात अशा मोजक्या वनस्पतींत तिची गणना होते. नराचे ‘वाय’ गुणसूत्र इतर सर्व गुणसूत्रांपेक्षा ठळकपणे मोठे असते. पुण्याचे एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी १९४० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तिच्या लिंगगुणसूत्रांवर निबंध प्रसिद्ध केला. पपईची लिंगगुणसूत्रे दिसण्यात एकसारखी आणि तोंडलीची ढळढळीत वेगळी. ज्या विद्यार्थ्याला लिंगगुणसूत्रांच्या उत्क्रांतीच्या दोन अवस्था शेजारी शेजारी पाहावयाच्या असतील त्याला त्या एकाच परसात मिळू शकतात.

करटोलीची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. पावसाळ्याच्या आरंभी सातपुड्याच्या व अजिंठ्याच्या डोंगरांतून बाजारात येणारी ही काटेरी हिरवी रानभाजी हौशी लोक आता परसातही लावू पाहतात. मोमॉर्डिका डायोइका या तिच्या शास्त्रीय नावातच विभक्तलिंगित्व नमूद आहे. बी कठीण कवचाचे, सावकाश रुजणारे, आणि रोपांत नर-मादी निम्मे-निम्मे. म्हणून बीची वाट धरू नये. जमिनीतील कंद मात्र वर्षानुवर्षे टिकतो व त्याचे लिंग बदलत नाही. मादीवेलीला फळ असताना तिच्या बुडाशी खूण बांधून ठेवावी आणि वेल वाळल्यावर कंद काढावा. रानातून आणणाऱ्याकडेही अशाच खुणेच्या कंदाची मागणी करावी. तोंडलीप्रमाणे येथे नराशिवाय भागत नाही. आठ-दहा मादींमागे एक नर लागतो. फुले संध्याकाळी उमलतात. परसात दोन-तीनच वेली असतील तर उमललेले नरफूल खुडून त्याचे पुंकेसर मादीफुलाच्या किंजल्कावर हलकेच टेकवावेत. मादीफूल त्याच्या बुडाशी असलेल्या लहानशा काटेरी फळावरून लगेच ओळखू येते.

हॉलीच्या लाल फळांची हौस नशिराबादेत भागविणारी एक वेल मात्र तेथे पूर्वीपासूनच आहे, ती म्हणजे गुळवेल. औषधासाठी तिचे खोड वापरतात, त्यामुळे ती नर आहे की मादी याची विचारपूस कोणी करीत नाही आणि करण्याचे कारणही नाही. कडुनिंबावर चढलेली असली म्हणजे झाले. परंतु गुळवेल विभक्तलिंगी आहे. मादीवेलीवर वाटाण्याएवढी फळे झुपक्यांनी येतात आणि पिकली म्हणजे लालभडक होतात. नरवेलीवर ती कधीच येत नाहीत. तिची लागवड खोडाच्या तुकड्यांनी होत असल्यामुळे एका गावातील पुष्कळ वेली एकाच मूळ वेलीचे तुकडे असण्याचा संभव आहे. ती मूळ वेल नर असली तर साऱ्या आळीत एकही लाल फळ न दिसणे शक्य आहे. ज्याला ती हवी असतील त्याने फळे लागलेली वेल आधी डोळ्यांनी पाहावी, तिचाच तुकडा आणून कडुनिंबाच्या बुंध्याशी पावसाळ्याच्या तोंडाला लावावा, आणि गावातील जुनी फळहीन वेल नर असल्यास तिला हात लावू नये.